कांपुंगान : इंडोनेशियाची करमणूक कशाच्या जोरावर वाढली

प्रश्न : आम्ही पुण्यात छोट्या मालिका करणारी चार-पाच मंडळी आहोत. इंडोनेशियात एकेक देशी चित्रपट एक कोटी लोक थिएटरात जाऊन बघतात, असं वाचलं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्या देशाच्या सिनेमाचं नावही आपल्याकडे कोणी घेत नव्हतं. हे झालं कसं? कोरियासारखं सरकारने ठरवून केलं का? आणि आपला माल तिथे खपेल का?

उत्तर : मालिकांच्या प्रसारण-हक्कांची खरेदी-विक्री आणि डबिंग यात मी वीसेक वर्षं काढली, त्यातली सात जकार्तात. त्यामुळे हे उत्तर धंद्याच्या बाजूने आहे. संस्कृतीचे अभ्यासक कदाचित वेगळं सांगतील.

आधी एक शब्द शिकून घ्या : कांपुंगान. कांपुंग म्हणजे गाव किंवा वस्ती, आणि कांपुंगान म्हणजे गावंढळ. जकार्तातल्या पहिल्या महिन्यात मी एका चॅनलच्या बैठकीत बसलो होतो. दर दहा मिनिटांनी कोणीतरी नाक मुरडून हा शब्द उच्चारत होतं. ही मालिका कांपुंगान, तो गायक कांपुंगान, हा विनोद तर फारच कांपुंगान. मग कोणीतरी आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येचा तक्ता भिंतीवर लावला. वरचे पाचही कार्यक्रम त्याच हिणवलेल्या यादीतले होते. बैठकीत जरा शांतता पसरली, आणि मग सगळे निमूटपणे त्यातल्याच एकाची नक्कल कशी करायची यावर बोलायला लागले.

तिथल्या करमणुकीच्या वाढीची गोष्ट मला या एका शब्दाची गोष्ट वाटते. शहरी, शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनी ज्याला नाकं मुरडली, तेच दर वेळी मोठं झालं.

दांगदूत या तिथल्या लोकप्रिय संगीतप्रकारापासून सुरुवात करतो, कारण त्यात आपलाही वाटा आहे. १९५० च्या दशकात जकार्ता, मेदान, सुराबायाच्या थिएटरांत हिंदी सिनेमे धो-धो चालत. तिथल्या मलय वाद्यवृंदांनी, म्हणजे ‘ओर्केस मेलायू’वाल्यांनी, त्या चाली उचलल्या, त्यांवर मलय शब्द बसवले, बांबूची बासरी घेतली आणि तबल्या-डग्ग्यासारखी गेंदांगची जोडी घेतली. एल्या खादम ही त्या काळची गाजलेली गायिका. तिचं सर्वांत प्रसिद्ध गाणं ‘भारतातली बाहुली’ या अर्थाचं आहे. गेंदांग वाजवणारे आजही एका ठेक्याला ‘चलते’ म्हणतात. तो शब्द कुठून आला, हे तुम्हाला सांगायला नको. डग्ग्यावर तळहात दाबून जो घुमारा काढतात तो ‘दूत’, त्याच्या आधीची थाप ‘दांग’. हे नाव मुळात टिंगल म्हणून पडलं. सत्तरच्या दशकात पाश्चात्त्य रॉक ऐकणारी शहरी मंडळी या संगीताला ‘ते दांग-दूत’ म्हणून हिणवत.

रोमा इरामा नावाच्या गायकाने तोच शब्द उचलून गाण्यात घातला आणि मिरवला. हा माणूस पश्चिम जावातल्या तासिकमलायाचा, डीप पर्पल या इंग्रज रॉक बँडचा चाहता. त्याने आपल्या सोनेता या वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार आणि मोठमोठे स्पीकर आणले, आणि गाण्यांत धार्मिक उपदेश घातला. जुगार खेळू नका, रात्र रात्र उंडारू नका, असले विषय, तेही नाचावंसं वाटेल अशा ठेक्यावर. लष्करशहा सुहार्तोंच्या राजवटीत त्याने सत्ताधारी पक्षाविरुद्ध असलेल्या इस्लामी पक्षाचा प्रचार केला, म्हणून सरकारी दूरचित्रवाणीने सुमारे दशकभर त्याला पडद्यावर येऊ दिलं नाही. फरक पडला नाही. कॅसेट होत्या, आणि त्याचे स्वतःचे सिनेमे होते.

ते सिनेमे गावोगाव ‘लयार तांचप’वर चालत. मैदानात दोन बांबू रोवून ताणलेला पडदा, खाली सतरंज्या, शेंगदाणे. आपल्याकडच्या जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाचा हा सख्खा भाऊ, फक्त डोक्यावर तंबू नाही. म्हणून त्याला लोकांनी नाव दिलं ‘मिस्बार’, म्हणजे ‘गेरिमिस बुबार’चा संक्षेप : भुरभूर आली की पांगापांग. लघुरूपं करण्याचा या लोकांना फार नाद आहे. मालिकेला ‘सिनेत्रोन’ म्हणतात, तेही ‘सिनेमा एलेक्त्रोनिक’चंच आखूड रूप.

नव्वदच्या दशकापर्यंत दांगदूत इतका पसरला की सरकारी समारंभांत मंत्री त्यावर पावलं टाकू लागले. मग २००३ मध्ये पूर्व जावातल्या पासुरुआनची इनुल दारातिस्ता आली. लग्नाकार्यांत, गावातल्या मांडवांत गाणारी मुलगी. तिच्या कार्यक्रमांच्या व्हीसीडी रस्त्यावर चोरून विकल्या गेल्या, त्यातूनच ती देशभर पोचली. कोणत्याही कंपनीने तिला घडवलं नव्हतं. कमरेची ती फिरकी, जिला ‘ड्रिल’ म्हणतात, बघून देश दोन तटांत विभागला. आणि तिच्यावर अश्लीलतेचा सर्वांत जोरदार आरोप कोणी केला? रोमा इरामाने. कधीकाळी ज्याला गावंढळ म्हणून हिणवलं, तोच आता पुढच्या पिढीचं गावंढळपण मोजत होता. (लावणीच्या बाबतीत आपल्याकडेही हे सगळे वाद झालेले आहेत, त्यामुळे फार हसू नका.) इनुलच्या पूर्व जावातला वेगवान ठेका ‘कोप्लो’ म्हणून ओळखला जातो, आणि आज लहान गावातल्या कार्यक्रमात तुम्हाला मुख्यतः तोच ऐकू येईल. २०१८ च्या आशियाई स्पर्धांचं उद्घाटन जकार्तात झालं तेव्हा अधिकृत गाणं गायला बोलावली होती विया वालेन, कोप्लो गाऊनच मोठी झालेली.

आता दूरचित्रवाणी. इथे थोडं भराभर जातो. सरकारी वाहिनी टीव्हीआरआय १९६२ मध्ये, जकार्तातल्या आशियाई स्पर्धांच्या मुहूर्तावर सुरू झाली. १९७६ मध्ये ‘पालापा’ उपग्रह सोडला. देशांतर्गत वापरासाठी स्वतःचा उपग्रह असलेल्या पहिल्या काही देशांत इंडोनेशिया होता, कारण सतरा हजार बेटांवर मनोरे उभारणार कसे? १९८१ मध्ये सरकारी वाहिनीवरच्या जाहिराती बंद केल्या, आणि १९८९ पासून खासगी वाहिन्या सुरू झाल्या. पहिली आरसीटीआय, मग एससीटीव्ही, टीपीआय, एएनटीव्ही, इंदोसियार. पहिल्या काहींत सुहार्तो कुटुंबाची मालकी होती. अचानक रोजचे शेकडो तास भरायचे होते, आणि घरचा माल तयार नव्हता.

तो माल पुरवणाऱ्यांत सिंधी मंडळी पुढे होती. जकार्तातल्या पासार बारू भागात सिंध्यांची कापडाची आणि खेळाच्या सामानाची दुकानं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्या समाजातले काही जण आधी हिंदी सिनेमे आयात करू लागले, मग स्वतः निर्माते झाले. सुराबायात जन्मलेले राम पंजाबी आणि त्यांची मल्टिव्हिजन प्लस यांना तर ‘सिनेत्रोनचा राजा’ म्हणत. पुढच्या पिढीतले मनोज पंजाबी यांची एमडी आज सिनेमातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी आहे. मी जकार्तात केलेला पहिला सौदा निम्मा हिंदीत झाला आणि चहा आल्याचा होता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

सिनेत्रोनची कामाची पद्धत बघितली तर आपले दैनिक मालिकांवाले आरामात आहेत असं वाटेल. ‘केजार तायांग’ म्हणजे प्रसारणाचा पाठलाग. सकाळी लिहायचं, दुपारी चित्रीकरण, संध्याकाळी जोडणी, रात्री प्रसारण. आणि एक भाग तास-दीड तासाचाही असतो. हाजला निघालेल्या लापशीवाल्याच्या नावाची एक मालिका २०१२ ते २०१७ चालली, दोन हजारांहून अधिक भाग. वर्तमानपत्रांत या मालिकांवर टीकेचे रकानेच्या रकाने येत. पण प्रकाशयोजना, संकलन, संवाद पटापट लिहिणं हे सगळं शिकलेली हजारो माणसं त्या कारखान्यातून बाहेर पडली. पुढे सिनेमा उठला तेव्हा हात तयार होते.

आता महाभारत. इथे मला थांबावंच लागेल, कारण माझ्या आयुष्यातली सर्वांत जास्त डोकेफोड याने केली, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तरही यातच आहे.

बी. आर. चोप्रांचं महाभारत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टीपीआयवर दाखवलं गेलं आणि चाललं. २०१४ मध्ये एएनटीव्हीने नवं, स्टार प्लसचं महाभारत इंडोनेशियन भाषेत डब करून लावलं आणि देश वेडा झाला. अर्जुन झालेला शाहीर शेख तिथे इतका मोठा झाला की त्याला घेऊन एएनटीव्हीने वेगळे कार्यक्रम काढले, कलाकारांना जकार्तात बोलावून रंगमंचावर उभं केलं. त्यानंतर काही वर्षं त्या वाहिनीचा दिवसच्या दिवस भारतीय मालिकांनी भरलेला असे. जगातला सर्वांत मोठा मुस्लिम लोकसंख्येचा देश आणि महाभारत, असं आपल्याकडे आश्चर्याने विचारतात. तिथे कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या लेखी ही त्यांचीच गोष्ट आहे. जावातल्या वायांग कुलितमध्ये, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या छायाखेळात, दालांग रात्रभर एकटा बसून सगळी पात्रं बोलतो. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर कलाकारांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ कोणी पाहिला असेल तर पडद्यामागचा दिवा आणि ती पारदर्शक लाल-हिरवी कातडी लगेच ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की त्यांच्याकडे हा खेळ अजून घरोघरच्या बोलण्यात आहे. आर. ए. कोसासिह यांनी महाभारत चित्रकथांच्या पुस्तकांतून आणलं, आणि एका पिढीने ते तिथे वाचलं. १९९५ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या इंडोनेशियन बनावटीच्या विमानाचं नाव होतं गातोत्काचा, म्हणजे आपला घटोत्कच. तिथे तो उडणारा वीर आहे.

पण त्यांची गोष्ट आपली गोष्ट नव्हे. जावाच्या परंपरेत द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको आहे. शिखंडी तिथे स्रिकांदी आहे, पराक्रमी स्त्री, तीही अर्जुनाची बायको. ‘स्रिकांदी’ हा शब्द आज महिला खेळाडूंसाठी वापरतात. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाचं पहिलंवहिलं पदक तीन महिला तिरंदाजांनी आणलं, तेव्हा त्यांना दुसरं काय म्हणणार? शिवाय सेमार आणि त्याची तीन मुलं, गारेंग, पेत्रुक, बागोंग. हे चार विनोदी सेवक संस्कृत महाभारतात कुठेच नाहीत, आणि जावातला प्रेक्षक मुळात त्यांचीच वाट बघत असतो.

हे माहीत नसताना मी एका पौराणिक मालिकेचं, महाभारताचं नव्हे पण त्याच घराण्यातल्या, डबिंग करून घेत होतो. एका प्रसंगात पात्रं द्रौपदीच्या पाच पतींबद्दल थट्टेने बोलतात. भाषांतरकर्ती मध्य जावातल्या सोलो शहराची. ती उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “पाक (म्हणजे साहेब), हे मी लिहीन, पण माझी आई उद्या मला विचारेल की हे कोणी लिहिलं.” आम्ही ते वाक्य बदललं. पुढच्या आठवड्यात मुंबईहून तक्रार आली की मूळ संहितेशी प्रामाणिक राहा. दोन्हीकडची समजूत काढता काढता माझा महिना गेला.

याहून मोठी कटकट म्हणजे नाती. इंडोनेशियन भाषेत ‘काकाक’ म्हणजे थोरलं भावंड, भाऊ किंवा बहीण. ‘आदिक’ म्हणजे धाकटं, तेही दोन्ही. ‘इपार’ लावलं की नवऱ्याचं किंवा बायकोचं भावंड. म्हणजे दीर, नणंद, मेहुणा, मेहुणी हे सगळे ‘आदिक इपार’ होऊ शकतात. तृतीयपुरुषी सर्वनाम ‘दिया’ एकच, तो-ती भेद नाही. आता सासू-सुनेच्या मालिकेत निम्मं रहस्य ‘ती’ म्हणजे कोण यावरच बेतलेलं असतं. मराठीत आणि हिंदीत प्रेक्षकाला क्रियापदावरून कळतं की फोनवर बाई बोलतेय की बुवा. तिथे नाही कळत. कधी कधी आमचा तोटा व्हायचा, कधी फायदा, कारण मूळ मालिकेत नसलेलं रहस्य तयार व्हायचं. शेवटी आम्ही सरळ नावं वापरू लागलो.

हिंदीचं वेड त्याआधीही होतंच. २०११ मध्ये गोरोंतालोतल्या एका पोलीस शिपायाने ड्युटीवर बसल्या बसल्या ‘छैंया छैंया’वर ओठ हलवत, मान डोलवत व्हिडिओ केला आणि तो देशभर पसरला. वरिष्ठ आधी चिडले, मग लोकांचा उत्साह बघून गप्प बसले. पोलीस गणवेशातला कांपुंगानपणा लोकांना फारच भावला.

सिनेमाकडे वळू. इंडोनेशियन सिनेमाचा जन्मदिवस ३० मार्च १९५० मानतात. त्या दिवशी उस्मार इस्माइल यांनी आपल्या पर्फिनी कंपनीच्या पहिल्या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू केलं. सात वर्षांत त्यांच्यासमोर संकट उभं राहिलं ते आपलंच. हिंदी आणि मलाया-सिंगापूरच्या सिनेमांनी थिएटरं इतकी व्यापली की १९५७ मध्ये तिथल्या निर्मात्यांनी निषेध म्हणून स्टुडिओच बंद ठेवले. तेव्हा बाहेरची बलाढ्य चित्रपटसृष्टी घरात घुसल्याची तक्रार करणाऱ्या कोणत्याही मराठी निर्मात्याने एवढं लक्षात ठेवावं की दुसऱ्या कोणाच्या तरी घरात आपणही ते केलेलं आहे.

१९९० च्या सुमाराला तिथे वर्षाला शंभरावर चित्रपट निघत. दशक संपेपर्यंत ते बोटांवर मोजता येतील इतके उरले. टीव्हीने प्रेक्षक आणि माणसं दोन्ही नेली, थिएटरं हॉलिवूडने भरली, आणि १९९७-९८ च्या आर्थिक संकटाने उरलंसुरलं संपवलं. राष्ट्रीय चित्रपट महोत्सवच १९९२ नंतर २००४ पर्यंत भरला नाही. मग मीरा लेस्माना, रिरी रिझा आणि त्यांच्या बरोबरीच्यांनी नव्या शतकाच्या तोंडाशी पुन्हा सुरुवात केली. बेलितुंग बेटावरच्या गरीब शाळेची गोष्ट सांगणाऱ्या ‘लास्कार पलांगी’ला २००८ मध्ये ४० लाखांहून अधिक प्रेक्षक मिळाले. तिथे यश पैशात मोजत नाहीत, प्रेक्षकांत मोजतात, ही सवय मला फार आवडते. आपल्याकडच्या ‘इतके कोटी कमावले’पेक्षा तो आकडा तपासायला सोपा आणि फुगवायला अवघड.

बाहेरच्या जगाला मात्र इंडोनेशियन सिनेमा कळला तो २०११ च्या ‘द रेड’मुळे. वेल्समधून आलेला दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स, पेंचाक सिलात ही तिथली मारामारीची कला खेळणारे इको उवाइस आणि यायान रुहियान. उत्तम मारामारीपट. पण घरच्या बाजाराला त्याने फारसं बदललं नाही. बदललं ते दोन गोष्टींनी, एक कायद्याची, एक भुताची.

कायद्याची आधी. २०१६ पर्यंत चित्रपटगृहं, निर्मिती, वितरण यांत परकी भांडवलाला बंदी किंवा मर्यादा होती. त्या वर्षी ती उठवली. कोरियन, मेक्सिकन कंपन्यांची थिएटरं वाढली, ‘२१’ ही जुनी देशी थिएटर-साखळीही जागी झाली, आणि एक हजाराच्या आसपास असलेले पडदे काही वर्षांत दोन हजारांच्या घरात गेले. २८ कोटी लोकसंख्येला हे अजूनही फार थोडे आहेत, आणि त्यातले बहुतेक जावात. पण नव्या थिएटरांतली बरीचशी छोट्या शहरांतल्या मॉलमध्ये उघडली. तिथे जो प्रेक्षक आला तो हॉलिवूडसाठी आलाच नव्हता.

तो भुतासाठी आला. कुंतिलानाक म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई, जखीण म्हणा. पोचोंग म्हणजे कफनात बांधलेलं प्रेत, पाय बांधलेले म्हणून उड्या मारत येतं. ऐंशीच्या दशकात सुझ्झाना ही भयपटांची राणी होती. तिचं भूत एका सिनेमात हातगाडीवर येऊन ढीगभर साते (काडीला लावून भाजलेलं मांस) खातं, आणि ते दृश्य आजही लोक एकमेकांना पाठवतात. त्या काळी शेवटी कोणी धर्मगुरू येऊन भुताला गप्प करी, सेन्सॉरला तसा शेवट पटायचा. समीक्षकांच्या लेखी हा सगळाच कचरा होता. जोको अन्वर हाच कचरा बघत वाढलेले दिग्दर्शक. १९८० चा एक भयपट त्यांनी २०१७ मध्ये ‘पंगाब्दी सेतान’ याच नावाने नव्याने केला, नीट पटकथा आणि उत्तम आवाज-छाया घेऊन, आणि ४० लाखांवर प्रेक्षक आले.

मग २०२२. ‘केकेएन दि देसा पनारी’. केकेएन म्हणजे विद्यापीठातल्या मुलांना गावात जाऊन करावं लागणारं सेवाकार्य, आपल्या एनएसएसच्या शिबिरासारखं पण पदवीसाठी सक्तीचं. (हीच तीन अक्षरं सुहार्तोंच्या काळातल्या भ्रष्टाचार-संगनमत-वशिलेबाजीसाठीही वापरतात, तो योगायोग तिथले लोक विनोदाला लावतातच.) अशा शिबिरात आडगावी गेलेल्या मुलांना एका नर्तकीच्या भुताने धरलं, ही गोष्ट २०१९ मध्ये ट्विटरवर एका निनावी खात्याने तुकड्या-तुकड्यांत सांगितली. ती लाखोंनी वाचली, यूट्यूबवर तिची कथाकथनं झाली, ‘ते गाव नेमकं कुठलं’ यावर शोधमोहिमा निघाल्या. साथीमुळे सिनेमा दोन वर्षं लटकला आणि शेवटी ईदच्या हंगामात आला. सुरुवातीलाच ९० लाखांवर, आणि वाढवलेली आवृत्ती धरून एक कोटी. गोष्ट आधी फुकटात लोकांच्या तोंडी रुळली, तिकीट नंतर विकलं. जाहिरातीवर पैसे ओतून हे होत नाही.

२०२४ चा ‘आगाक लाएन’ भुताच्या घराचाच, पण विनोदी. उत्तर सुमात्राकडचे चार विनोदवीर, त्यांचं त्याच नावाचं पॉडकास्ट, मेदानकडचा तो खणखणीत हेल. ९० लाख प्रेक्षक. या विनोदवीरांची खाण २०११ पासून टीव्हीवर सुरू झालेल्या स्टँड-अप स्पर्धांत आहे. त्यातून गावोगाव कट्टे तयार झाले आणि आज सिनेमातले कितीतरी लेखक-नट तिथलेच आहेत. २०२५ मध्ये ‘जम्बो’ या अॅनिमेशनपटाने एक कोटीचा आकडा ओलांडला. चारशेहून अधिक चित्रकार-तंत्रज्ञ, पाच वर्षांचं काम. ईदला सहकुटुंब सिनेमाला जायचं, पण धाकट्यांना भूत दाखवायचं नाही, ही रिकामी जागा त्यांनी अचूक हेरली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर भयपटांचा आता अतिरेक झाला आहे. पडदे मोजकेच, त्यांत आठवड्याला दोन-तीन पोचोंग उड्या मारतात. चांगले सिनेमे चौथ्या दिवशी उतरतात. कामिला आंदिनी, मौली सूर्या, एडविन यांचे चित्रपट टोरांटो, कान, लोकार्नोच्या महोत्सवांत मान मिळवतात, आणि सोलोच्या मॉलमध्ये त्यांना दुपारचा एक खेळ मिळतो. ‘गादिस क्रेतेक’सारखी लवंगी सिगारेटींच्या धंद्यावरची देखणी मालिका २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर गेली, ती यामुळेही.

गाण्याबद्दल एकाच माणसाचं सांगतो. दीदी केम्पोत. सोलोचा, रस्त्यावर गाणारा. ‘केम्पोत’ हे नावच ‘फुटपाथवरच्या गायकांचा गट’ या शब्दांचं लघुरूप. तो इंडोनेशियनमध्ये नाही, जावानीज भाषेत गायचा : स्टेशनावर निरोप देऊन गेलेली आणि परत न आलेली प्रेयसी, बंदरावरची वाट, बसस्टँड. दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये डचांनी मळ्यांवर नेलेल्या जावानी मजुरांची वस्ती आहे, तिथे तो नव्वदच्या दशकातच लाडका होता. घरी मात्र त्याला म्हाताऱ्यांचा, खेड्यातला गायक समजत. २०१९ मध्ये अचानक विशीतली मुलं त्याच्या कार्यक्रमांना येऊन हमसून रडू लागली. स्वतःला ‘सोबात आंब्यार’ म्हणवून घेऊ लागली, म्हणजे ‘चुराडा झालेले दोस्त’. मे २०२० मध्ये तो गेला, त्रेपन्नाव्या वर्षी. पण दार उघडलं ते उघडलंच. १७ ऑगस्ट २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात बान्युवांगीच्या एका बालगायकाने जावानीज गाणं म्हटलं, आणि मंत्री, सेनाधिकारी रांगेत नाचले. राजभाषा इंडोनेशियन असलेल्या देशात, राष्ट्रीय दिवशी, प्रादेशिक भाषेतलं गाणं.

कोरियाच्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे लहान आहे : नाही, ठरवून केलं नाही. २०१५ मध्ये सर्जनशील अर्थव्यवस्थेसाठी वेगळं खातं काढलं, २०२४ मध्ये त्याचं पूर्ण मंत्रालय झालं, पण सरकार वरातीमागून आलं. कोरियाला घरचा बाजार पुरणारा नव्हता, म्हणून तो बाहेर पडला. इंडोनेशियाला घरातच २८ कोटी गिऱ्हाईक आहे, आणि २०२४ मध्ये देशी चित्रपटांची तिकिटं ८ कोटींच्या घरात गेली. बाहेर जातं ते मुख्यतः मलेशिया, सिंगापूर, ब्रुनेईत, जिथे भाषा कळते. रिच ब्रायन, निकी हे इंग्रजीत गाणारे अमेरिकेत मोठे झाले, गारुतच्या हिजाब घालून मेटल वाजवणाऱ्या तीन मुली, व्हॉइस ऑफ बाचेप्रोत, २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात वाजवून आल्या. हे कौतुकाचं आहे, पण त्यावर धंदा उभा नाही.

आता तुमचा माल. मराठी कौटुंबिक मालिका थेट विकण्याच्या भानगडीत पडू नका. त्या जागेवर हिंदी आणि तुर्की माल आधीच बसलेला आहे, आणि वाहिन्यांना किमान काहीशे भाग लागतात. तुमच्याकडे कोकणातली भुतं असतील, देवचार, मुंजा, हडळ, तर कथेचे हक्क घेऊन जा. त्यावर सिनेमा ते स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या गावात करतील. तयार वस्तूपेक्षा कथाबीज विकणं सोपं आणि भाषांतराचा खर्चही नाही. सोबत इंडोनेशियनमध्ये पाच पानी सारांश न्या, इंग्रजीतला कोणी वाचत नाही. पात्रांची नाती आधी साध्या तक्त्यात मांडा, कारण ‘इपार’चा घोळ पहिल्या पानावरच होतो. सौद्यात मलेशियाचे हक्क वेगळे लिहून घ्या, ते नेहमी गृहीत धरून गिळले जातात.

आणि रमजानात जाऊ नका. त्या महिन्यात वाहिन्यांची खरी गर्दी पहाटे तीनला, सहूरच्या जेवणाच्या वेळेला असते. सगळे रात्रपाळीला असतात आणि दुपारच्या बैठकीत समोरचा माणूस उपाशी आणि पेंगुळलेला असतो. ईदनंतर सगळं जकार्ता ‘मुदिक’ला, म्हणजे गावाला गेलेलं असतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे परतलेले असतात, ईदच्या सिनेमांचे आकडे हातात असतात, आणि पुढच्या ईदला काय करायचं याची शोधाशोध त्याच सुमाराला सुरू होते. तेव्हाची तिकिटं काढा.